मैदानावरील शिट्टी आणि आसनगावची गाडी

१४ ऑक्टोबर २०१७ रोजी कोलकात्याच्या सॉल्ट लेक मैदानावर जपान आणि न्यू कॅलेडोनिया यांच्यात फुटबॉलचा सामना झाला. सतरा वर्षांखालील मुलांच्या विश्वचषकातील हा साखळी सामना १-१ असा बरोबरीत सुटला. निकालाच्या दृष्टीने त्यात लक्षात ठेवण्यासारखे फारसे काही नव्हते. तरीही फुटबॉलच्या इतिहासात या सामन्याची नोंद झाली, कारण त्या दिवशी मुख्य पंच म्हणून मैदानात उतरल्या होत्या स्वित्झर्लंडच्या एस्थर श्टाउब्ली. ‘फिफा’च्या पुरुषांच्या स्पर्धेत एका स्त्रीने शिट्टी हाती घेण्याची ती पहिलीच वेळ होती. जगातला हा पहिला प्रसंग भारताच्या भूमीवर घडला, पण भारतीय प्रेक्षकांपैकी किती जणांना तो आज आठवत असेल, याविषयी शंकाच आहे.

त्याच स्पर्धेचे काही सामने नवी मुंबईत, नेरूळच्या डी. वाय. पाटील स्टेडियमवर झाले. स्पर्धेपूर्वी तीन आठवडे, १५ सप्टेंबर २०१७ रोजी, ‘महाराष्ट्र मिशन १-मिलियन’ या नावाने राज्यभर एकाच दिवशी मुलामुलींना फुटबॉल खेळविण्याचा सरकारी उपक्रम पार पडला आणि शाळाशाळांना चेंडू वाटले गेले. चेंडू वाटणे तसे सोपे असते. तो टेम्पोत भरता येतो, त्याची पावती घेता येते. पंच मात्र असा वाटता येत नाही. तो घडवावा लागतो, आणि घडायला वर्षे लागतात. पंच स्त्री असेल आणि ती शहापूर किंवा मुरबाडसारख्या तालुक्यातली असेल, तर ही वर्षे नेमकी कशात जातात, हे समजून घेण्यासारखे आहे.

ठाणे जिल्हा म्हटला की शहरी वाचकाच्या डोळ्यांपुढे उड्डाणपूल आणि गृहसंकुले येतात. १ ऑगस्ट २०१४ रोजी पालघर जिल्हा वेगळा झाला, तरी शहापूर आणि मुरबाड हे दोन तालुके ठाण्यातच राहिले. भातसा, तानसा, मोडकसागर ही मुंबईची तहान भागविणारी धरणे शहापूरच्या परिसरात आहेत. तेथील कित्येक पाडे चैत्र-वैशाखात टँकरची वाट पाहतात, हेही आता जुनेच झाले. वारली, ठाकूर, कातकरी वस्त्या, आश्रमशाळा, भाताची खाचरे आणि गावोगावी कबड्डीचे मैदान असा हा मुलूख. येथे खेळ नाही असे म्हणता येणार नाही. कबड्डी आहे, खो-खो आहे, आश्रमशाळांच्या क्रीडा स्पर्धा आहेत. फुटबॉल मात्र येथे पाहुणा आहे.

पंचाचे काम म्हणजे नेमके काय?

प्रेक्षकाला पंच दिसतो तो फक्त चुकल्यावर. एरवी त्याच्याकडे कुणाचे लक्ष जात नाही, आणि ते जाऊ नये यातच त्याचे कौशल्य आहे. फुटबॉलचे नियम अवघे सतरा. पाचवा नियम पंचाविषयी, सहावा त्याच्या सहकाऱ्यांविषयी, अकरावा ऑफसाइडचा आणि बारावा धसमुसळेपणाचा. हे नियम ठरविणारे आंतरराष्ट्रीय मंडळ १८८६ पासून काम करीत आहे. सुरुवातीच्या काळात पंच मैदानाबाहेर उभा राहत असे आणि दोन्ही संघांच्या प्रतिनिधींचे एकमत झाले नाही तरच त्याला विचारले जाई. १८९१ मध्ये तो मैदानाच्या आत आला, आणि तेव्हापासून त्याला धावावे लागले. पिवळे आणि लाल कार्ड ही तर बरीच अलीकडची गोष्ट, १९७० च्या विश्वचषकातली. परक्या भाषेतल्या खेळाडूला आपल्याला ताकीद मिळाली आहे हेच कळत नाही, या अडचणीतून ती कल्पना केन ॲस्टन या इंग्रज पंचाला सुचली.

सामन्यात एक मुख्य पंच, दोन बाजूंच्या रेषांवर झेंडा घेतलेले दोन सहायक पंच आणि मैदानाबाहेर चौथा पंच असे चौघे असतात. मोठ्या स्पर्धांत आता पडद्यावर पाहून सल्ला देणारे व्हिडिओ पंचही असतात. मुख्य पंच मैदान तिरपे कापत धावतो, म्हणजे त्याच्या दृष्टीतून जो कोपरा सुटतो तो सहायकाच्या दृष्टीत येतो. सहायकाने बचाव करणाऱ्या संघाच्या शेवटून दुसऱ्या खेळाडूच्या रेषेत सतत राहायचे असते. चेंडू पायातून सुटला तो क्षण आणि आघाडीचा खेळाडू कुठे होता ती जागा, या दोन गोष्टी एकमेकींपासून तीस-चाळीस मीटर दूर घडतात आणि त्या एकाच वेळी पाहाव्या लागतात. हे काम बसून शिकता येत नाही. शेकडो सामन्यांत रेषेवर धावूनच डोळा तयार होतो.

क्रिकेटशी तुलना केली की फरक चटकन ध्यानात येतो. महाराष्ट्रात स्त्री पंचांचे सर्वांत ठळक उदाहरण क्रिकेटमधलेच आहे. नवी मुंबईच्या वृंदा राठी गुणलेखनापासून सुरुवात करून पंचगिरीकडे वळल्या. जानेवारी २०२३ मध्ये त्या, एन. जननी आणि गायत्री वेणुगोपालन या तिघी रणजी सामन्यांत पंच म्हणून उभ्या राहिल्या, तेव्हा पुरुषांच्या रणजी स्पर्धेत प्रथमच स्त्रिया पंच झाल्या. त्या कामाला कमालीची एकाग्रता आणि दिवसभर उन्हात उभे राहण्याची चिकाटी लागते. फुटबॉलच्या पंचाला हे सगळे लागतेच, शिवाय त्या नव्वद मिनिटांत दहा ते बारा किलोमीटर धावावेही लागते, आणि धापा टाकत असताना निर्णय द्यावा लागतो.

म्हणूनच येथे शारीरिक चाचणी हा खरा उंबरठा आहे. ‘फिफा’च्या मुख्य पंचांची चाचणी दोन भागांत होते. पहिल्या भागात चाळीस मीटरची वेगवान धाव सहा वेळा. पुरुषांच्या निकषानुसार प्रत्येक धाव ६ सेकंदांत, तर स्त्रियांच्या निकषानुसार ६.४ सेकंदांत पूर्ण व्हावी लागते. दुसऱ्या भागात ७५ मीटर धावायचे आणि २५ मीटर चालायचे, असे चाळीस वेळा. पुरुषांसाठी धावायला १५ आणि चालायला १८ सेकंद, स्त्रियांसाठी अनुक्रमे १७ आणि २० सेकंद. एकूण अंतर चार किलोमीटर. पुरुषांच्या निकषाने ते बावीस मिनिटांत संपते. आता महत्त्वाची गोष्ट अशी की, पुरुषांच्या सामन्यात शिट्टी हवी असेल तर स्त्रीला पुरुषांचाच निकष पार करावा लागतो. तेथे दोन सेकंदांची सवलत नाही. श्टाउब्ली काय, त्यांच्यानंतर आलेल्या सगळ्याजणी काय, त्याच घड्याळाविरुद्ध धावून तेथवर पोहोचल्या.

आदिवासी पट्ट्यातील मुली डोंगर चढतात, मैलोन्‌मैल पाणी वाहतात, तेव्हा त्यांना धावणे सोपेच जाईल, असे आपल्याकडे सहज बोलले जाते. कसारा घाटापलीकडच्या नाशिक जिल्ह्यातील ‘सावरपाडा एक्स्प्रेस’ कविता राऊत हिचे नाव त्यासाठी हमखास घेतले जाते. २०१० च्या राष्ट्रकुल स्पर्धेत दहा हजार मीटरचे कांस्यपदक तिने मिळविले, ते शास्त्रशुद्ध सरावाच्या आणि प्रशिक्षकाच्या बळावर. डोक्यावरच्या हंड्याचे श्रेय त्यात शोधणे हा तिच्या कष्टांवर अन्यायच आहे. हंडा वाहणे ही शिक्षा आहे, व्यायाम नव्हे. ७५ मीटर १५ सेकंदांत, तेही चाळीस वेळा, हे जमायला पुरेसे अन्न, बरे बूट, सपाट मैदान आणि आठवड्यातले चार मोकळे दिवस लागतात.

ज्यांच्यामुळे दार उघडले

ब्राझीलमध्ये १९४१ च्या एका सरकारी हुकमाने स्त्रियांना त्यांच्या ‘प्रकृतीला न मानवणारे’ खेळ खेळण्यास बंदी घालण्यात आली होती आणि त्यात फुटबॉल आला. ही बंदी १९७९ पर्यंत टिकली. त्या काळात लेआ कांपुस नावाच्या तरुणीने १९६७ मध्ये पंचांचा अभ्यासक्रम पूर्ण केला. देशाच्या क्रीडा महासंघाने तिला परवाना नाकारला. महासंघाचे प्रमुख होते जुआंव आवेलांज, जे पुढे ‘फिफा’चे अध्यक्ष झाले. कांपुसने अखेर देशाचे लष्करी राष्ट्राध्यक्ष मेदिसी यांची भेट मिळविली आणि १९७१ मध्ये परवाना पदरात पाडून घेतला. हुकूमशहाच्या दारात जाऊन शिट्टी मागावी लागावी, यातली विसंगती वेगळी सांगायला नको. १९७४ मध्ये बसच्या अपघाताने तिची कारकीर्द संपुष्टात आणली.

युरोपात हा प्रवास मंद गतीने झाला. १९९१ मध्ये चीनमध्ये स्त्रियांचा पहिला विश्वचषक झाला, तेव्हा पंचांत स्त्रिया मोजक्याच होत्या. १९९९ च्या विश्वचषकात मात्र सर्व पंच स्त्रिया होत्या आणि अंतिम सामना स्वित्झर्लंडच्या निकोल पेतीन्या यांनी सांभाळला. २००३ मध्ये त्याच पेतीन्या पुरुषांच्या ‘युएफा’ चषकातील पात्रता सामन्यात मुख्य पंच झाल्या. जर्मनीच्या बिबियाना श्टाइनहाउस या व्यवसायाने पोलीस अधिकारी. १० सप्टेंबर २०१७ रोजी त्या बुंडेसलिगात उभ्या राहिल्या. त्याआधी दोन वर्षे, मैदानाबाहेर काढल्या गेलेल्या एका खेळाडूने त्यांना ‘पुरुषांच्या फुटबॉलमध्ये बायकांचे काय काम’ असे सुनावले होते. त्याच्यावर सामनेबंदी आली, शिवाय त्याच्याच क्लबने त्याला मुलींच्या एका सामन्यात पंच म्हणून उभे केले. शिक्षा म्हणून पंचगिरी ही कल्पना तशी मजेशीरच. या कामाविषयी सर्वसाधारण मत काय आहे, हेही त्यातून कळते.

इंग्लंडची गोष्ट याहून बोलकी आहे. वेंडी टॉम्स १९९७ मध्ये प्रीमियर लीगमध्ये सहायक पंच झाल्या. त्या लीगमध्ये मुख्य पंच म्हणून स्त्री दिसायला २३ डिसेंबर २०२३ उजाडावा लागला. त्या दिवशी फुलहॅम-बर्न्ली सामन्यात रेबेका वेल्च यांनी शिट्टी वाजविली. रेषेवरून मध्यावर येण्यासाठी, म्हणजे तीसेक मीटरचे अंतर कापण्यासाठी, सव्वीस वर्षे लागली. दरम्यान जानेवारी २०११ मध्ये वुल्व्ह्‌ज आणि लिव्हरपूल यांच्या सामन्यात सायन मॅसी या सहायक पंच होत्या. बाईला ऑफसाइड काय कळणार, अशा अर्थाची शेरेबाजी दूरचित्रवाणीच्या दोन नामांकित समालोचकांनी माईक बंद आहे असे समजून केली. सामन्यात एक अत्यंत बारीक ऑफसाइडचा निर्णय मॅसींपुढे आला. त्यांनी झेंडा उचलला नाही, गोल झाला, आणि पुनःप्रक्षेपणात तो निर्णय अचूक ठरला. आठवड्याच्या आत एका समालोचकाला काढून टाकण्यात आले आणि दुसऱ्याने राजीनामा दिला.

फ्रान्सच्या स्तेफानी फ्रापार यांनी २०१९ चा ‘युएफा सुपर कप’, २०२० मध्ये चॅम्पियन्स लीग आणि १ डिसेंबर २०२२ रोजी कतारच्या विश्वचषकातील जर्मनी-कोस्टा रिका सामना असे टप्पे ओलांडले. त्या सामन्यात त्यांच्या दोन्ही सहायक, ब्राझीलच्या नेउझा बाक आणि मेक्सिकोच्या कारेन दियाझ, स्त्रियाच होत्या. भारतीय संघालाही हा अनुभव आला आहे. १३ जानेवारी २०२४ रोजी आशियाई चषकात भारत विरुद्ध ऑस्ट्रेलिया या सामन्यात जपानच्या योशिमी यामाशिता मुख्य पंच होत्या. पुरुषांच्या आशियाई चषकातील त्या पहिल्या स्त्री पंच. भारत तो सामना ०-२ असा हरला. यामाशितांची कारकीर्द आपल्या विषयाच्या दृष्टीने अधिक उद्‌बोधक आहे, कारण पंचगिरीतून पोट भरण्याइतपत करार त्यांना २०२२ मध्ये मिळाला. तोवर त्या व्यायाम प्रशिक्षक म्हणून काम करून सामने सांभाळत. जपानसारख्या श्रीमंत देशात ही स्थिती होती.

गोव्याला जमले ते कसे?

मराठी मुलखाच्या सर्वांत जवळचे उदाहरण गोव्याचे आहे. मारिया रेबेलो या भारतीय महिला संघाच्या माजी कर्णधार. खेळ थांबविल्यावर त्या पंच झाल्या आणि आय-लीग या पुरुषांच्या राष्ट्रीय स्पर्धेत मुख्य पंच म्हणून उतरणाऱ्या पहिल्या स्त्री ठरल्या. गोव्याच्याच युवेना फर्नांडिस याही आधी खेळाडू होत्या. ‘फिफा’च्या सहायक पंचांच्या यादीत त्यांचे नाव आले आणि २०१६ मध्ये जॉर्डनला झालेल्या सतरा वर्षांखालील मुलींच्या विश्वचषकात त्यांनी काम केले. मणिपूरच्या रंजिता देवी टेकचाम, पश्चिम बंगालच्या कनिका बर्मन हीही नावे आज फुटबॉल जाणणाऱ्यांना परिचित आहेत. गोवा, मणिपूर, बंगाल ही नावे पाहिली की एक गोष्ट उघड होते: ज्या प्रदेशात गावागावांत फुटबॉल खेळला जातो तेथूनच पंच येतात.

हे केवळ आवडीने होत नाही, त्यात अंतराचा मोठा वाटा आहे. पंच घडतो सामन्यांच्या संख्येवर. गोव्यातील मुलगी संध्याकाळी शेजारच्या गावातला सामना उरकून जेवायला घरी येऊ शकते. तिच्या गावाला मैदान आहे, मैदानाला प्रेक्षक आहेत आणि शिट्टी घेतलेली बाई त्या प्रेक्षकांनी आधी पाहिलेली आहे. वर्षाकाठी साठ-सत्तर सामने तिला घराजवळच मिळू शकतात.

आता शहापूरचा विचार करा. जवळचे रेल्वे स्थानक आसनगाव, मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसपासून सुमारे ८५ किलोमीटर. कल्याणच्या पुढे कसारा मार्गावर गाड्या विरळ होत जातात. कूपरेजच्या मैदानावर दुपारी तीनचा सामना असेल तर सकाळी दहा-अकराला घर सोडावे लागते. सामना संपवून, अहवाल लिहून, गर्दीच्या वेळची गाडी पकडून आसनगावला उतरेपर्यंत रात्र होते आणि तेथून पाड्यावर जायला रिक्षा मिळेलच असे नाही. मुरबाडला तर रेल्वेच नाही. एस.टी.ने कल्याण गाठायचे, मग पुढचा प्रवास. म्हणजे एका सामन्यामागे एक आख्खा दिवस. उमेदवारीच्या काळातील स्थानिक सामन्याचे मानधन तुटपुंजे असते. त्यातून प्रवास आणि खाणे वजा केले की काय उरते, हे सांगायला गणित लागत नाही. शेतावर किंवा मुरबाडच्या औद्योगिक वसाहतीत तो दिवस घालविला तर घरात नक्की मजुरी येते.

वयाचा प्रश्न याहून अवघड आहे. पंचांची शिडी जिल्ह्यापासून सुरू होते. जिल्हा किंवा राज्य संघटनेची परीक्षा, मग राज्यस्तर, मग अखिल भारतीय महासंघाची राष्ट्रीय परीक्षा, आणि त्यानंतर महासंघाने नाव पाठविले तर ‘फिफा’ची यादी. महाराष्ट्रात या कामाचे सूत्र वेस्टर्न इंडिया फुटबॉल असोसिएशनकडे आहे. ‘फिफा’च्या यादीत मुख्य पंचासाठी किमान वय २५, सहायकासाठी २३. अठराव्या वर्षी पहिली परीक्षा दिली तरी सात वर्षे सलग टिकावे लागते. अठरा ते पंचवीस ही ग्रामीण भागात मुलीच्या लग्नाची वर्षे. खेळाडू मुलीचे एक बरे असते. चौदा-पंधराव्या वर्षीच तिचे पदक घरात येते आणि त्या पदकाकडे बोट दाखवून लग्न दोन-चार वर्षे लांबविता येते. शिवाय सरकारी नोकरीत खेळाडूंसाठी पाच टक्के आरक्षण आहे. पंचाला पदक नाही आणि हे आरक्षणही नाही. ‘रविवारी पोरगी मुंबईला जाते ती नक्की कशाला’ या शेजाऱ्यांच्या प्रश्नाला आईबापांकडे दाखविण्यासारखे उत्तर नसते. फार तर एक काळा शर्ट असतो आणि खिशात दोन रंगांची कार्डे.

बंगाल-मणिपूरशी स्पर्धा करणे दूरच, पण काही गोष्टी आज होण्यासारख्या आहेत. शालेय क्रीडा स्पर्धा तालुक्यापासून सुरू होतात; त्यात फुटबॉलही आहे, मुलींचे गटही आहेत. तालुका पातळीवर शिट्टी बहुधा शारीरिक शिक्षणाच्या शिक्षकांच्याच हातात असते. आपल्या शाळेचा संघ मैदानात असताना त्यांनी पंच व्हावे, हे तसेही योग्य नाही. हेच सामने आश्रमशाळेतून बारावी झालेल्या, पंचाची प्राथमिक परीक्षा दिलेल्या मुलींकडे सोपविले, तर त्यांना पहिले वीस-तीस सामने गाडी न पकडता मिळतील. परीक्षा कूपरेजला घेण्याऐवजी परीक्षक एक दिवस शहापूरला आला, तर पंधरा मुलींचा प्रवास वाचेल. शहापूरला आदिवासी विकास विभागाचे एकात्मिक प्रकल्प कार्यालय आहेच, आणि क्रीडा स्पर्धा त्या विभागाच्या शाळांना नव्या नाहीत. भारतातल्या वरिष्ठ महिला राष्ट्रीय फुटबॉल स्पर्धेला राजमाता जिजाबाई यांचे नाव आहे. त्या करंडकाच्या सामन्यांत महाराष्ट्रातल्या किती मुली शिट्टी किंवा झेंडा घेऊन उतरतात, हे संघटनेने दरवर्षी जाहीर केले तरी पुष्कळ उजेड पडेल.

एक अडचण मात्र खरी आहे आणि ती कबूल केलीच पाहिजे. घराजवळच्या सामन्यांनी सुरुवात होते, पण पंचाचा दर्जा वाढतो तो वेगवान सामन्यांत. शालेय सामन्यात रेषेवर धावणे आणि व्यावसायिक संघांच्या सामन्यात रेषेवर धावणे यांत चालत्या बैलगाडीचा आणि धावत्या मोटारीचा फरक आहे. तेव्हा दोन-तीन वर्षांनी मुंबई गाठावीच लागेल. त्या वेळी मुलीला शहरात राहायला वसतिगृह आणि सामन्यांशी जुळवून घेणारी नोकरी मिळाली नाही, तर ती परत जाईल. आजही भारतातले बहुतेक पंच नोकरी सांभाळूनच मैदानावर येतात. पोलीस, रेल्वे, शाळा ही त्यांची ठिकाणे. श्टाइनहाउस जर्मनीत पोलीस खात्यात राहूनच बुंडेसलिगापर्यंत गेल्या, ही गोष्ट महाराष्ट्र पोलिसांच्या भरतीसाठी पहाटे रस्त्यावर धावणाऱ्या मुलींना कुणी सांगितलेली नसते.

त्या मुली शहापूर-मुरबाडच्या रस्त्यांवर दिसतात. पोलीस भरतीच्या मैदानी चाचणीसाठी त्या घड्याळ लावून धावतच असतात. पंचांच्या चाचणीलाही महागडे साहित्य लागत नाही. सपाट जागा, मोजपट्टी, वेळ मोजणारा मोबाइल आणि पोतेभर चुना एवढे पुरते. पंचाहत्तर मीटरवर एक रेष, त्यापुढे पंचवीस मीटरवर दुसरी. पहिल्या रेषेपर्यंत पंधरा सेकंदांत धावायचे, दुसरीपर्यंत अठरा सेकंदांत चालायचे, आणि असे चाळीस वेळा.